वहिनी, बंटर आणि लायब्ररीतलं पिस्तूल

आमच्या वहिनींना रात्री झोप लागत नसली की त्या ‘ब्रिटिश खून’ लावतात. शब्द त्यांचाच. "आपल्या मालिकांत कुणी मरत नाही तरी डोकं उठतं भाऊजी, आणि यांच्याकडे दिवाणखान्यात मुडदा पडलाय तरी कसं शांत वाटतं!" हिरवळ, जुन्या मोटारी, चहाची चांदीची किटली. पाऊण तासात वहिनी घोरत असतात. खुनी कोण, हे त्यांना आजवर एकदाही कळलेलं नाही.

त्यांना लॉर्ड पीटर विम्सी मीच दाखवला, त्यामुळे दोष माझा. पण गेल्या महिन्यात सगळं पुन्हा ओळीने पाहिलं आणि वाटलं, यात निवांत असं आहे तरी काय?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हा इंग्रज रहस्यकथा-लेखिका डोरोथी सेयर्स यांचा नायक. ड्यूकच्या घराण्यातला धाकटा मुलगा, लंडनच्या पिकॅडिलीत फ्लॅट, डोळ्यावर मोनोकल म्हणजे एकाच डोळ्याचा चष्मा, जुनी दुर्मिळ पुस्तकं जमवायचा नाद. दुसरा नाद खून उलगडायचा. सोबतीला बंटर, त्याचा नोकर. बीबीसीने 1972 ते 1975 मध्ये इयान कारमायकेलला घेऊन त्याच्या पाच कादंबऱ्यांवर मालिका केल्या. (आपल्याकडे मुंबई दूरदर्शन सुरू झालं त्याच वर्षी तिकडे पहिली आली.) कारमायकेलची तेव्हा पन्नाशी उलटलेली आणि कादंबरीतला पीटर तिशीतला, पण गडी एकदा बोलायला लागला की वय विसरायला होतं. चित्रण त्या काळच्या रिवाजाचं, आतले प्रसंग व्हिडिओवर आणि बाहेरचे फिल्मवर. पात्र दारातून बागेत गेलं की जगाचा रंगच पालटतो. लोक हसतात, मला आवडतं.

आता पीटरचं ते ‘जंटलमन’ असणं. आपल्याकडे जंटलमन माणूस म्हणजे बसमध्ये म्हाताऱ्यांना जागा देणारा. तिथला अर्थ वेगळा, ज्याला पोटासाठी काम करावं लागत नाही तो. पोलीसवाला पार्कर तपास करतो पगारासाठी, पीटर करतो हौसेखातर. आणि खुनाला इंग्लंडात तेव्हा एकच शिक्षा होती, फाशी. ती थांबली 1965 मध्ये. म्हणजे या हौशी माणसाचं कोडं सुटलं की थोड्या आठवड्यांनी कुणाच्या तरी गळ्यात दोर पडणार. कॅमेरा तोवर थांबत नाही, श्रेयनामावली सुरू होते. वहिनी तर त्याआधीच झोपलेल्या.

माझी सगळ्यात आवडती 1973 ची, बेलोना क्लबची. मूळ इंग्रजी नावात खुनाला ‘अप्रिय प्रकार’ म्हटलंय. आपल्या बातम्यांत ‘कोणताही अनुचित प्रकार घडला नाही’ असतं ना, थेट तेच! क्लब लढाईवर जाऊन आलेल्यांचा. तारीख 11 नोव्हेंबर, पहिलं महायुद्ध थांबल्याचा दिवस. नव्वदीचे जनरल फेंटिमन शेकोटीजवळच्या नेहमीच्या खुर्चीत बसलेले आहेत, आणि कुणाच्या तरी लक्षात येतं की ते मेलेले आहेत. अंग ताठलेलं, पण एक गुडघा मात्र मोकळा हलतोय. ताठलेला सांधा आपला आपण असा एकटाच सुटत नाही, कुणीतरी देह हलवलाय. आणि कोटावर पॉपीचं लाल फूल नाही, जे त्या दिवशी युद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठी लावतात. त्या दिवशी हा म्हातारा सैनिक फूल न लावता घराबाहेर पडणं शक्यच नव्हतं, म्हणजे मेला तो आदल्या दिवशी. मग खुर्चीत आला कधी? सगळा क्लब दोन मिनिटं स्तब्धता पाळायला बाहेर गेला होता तेव्हा. लाखो मेलेल्यांसाठी सगळे माना खाली घालून उभे आणि आत एक मढं एका जागेवरून दुसऱ्या जागी चाललंय! मला यापुढे त्या चांदीच्या किटल्या दिसेनाशा होतात.

त्यातच जनरलचा नातू जॉर्ज. युद्धाने मज्जातंतू गेलेले, नोकरी नाही, बायको चहाच्या दुकानात राबते आणि हा त्याच रागाने तिच्यावर खेकसतो. आजोबा मेलेले दिसताच तो वेड्यासारखा हसत सुटतो, आपण सगळेच मेलोय, कुणाच्या लक्षात आलेलं नाही, अशा अर्थाचं ओरडतो. ज्येष्ठ सभासद वैतागतात. क्लबात असा आवाज?

(शेवट आधी कळलेला चालत नसेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) खुनी सापडतो आणि तो यांच्यातलाच असतो. मग त्याला पोलिसांकडे देण्याऐवजी लायब्ररीत पिस्तुलासह एकटं बसू दिलं जातं. कबुली लिही आणि काय ते उरक. सगळं अदबीने. हाच माणूस क्लबचा वाढपी असता तर पिस्तूल मिळालं असतं? दोरच. पहिल्या मालिकेत पीटरच्या मोठ्या भावावर, म्हणजे ड्यूकवर, खुनाचा खटला आहे आणि तो चालतो हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, झगे घातलेल्या उमरावांपुढे. कल्पना नव्हे, तो त्यांचा हक्कच होता, 1948 पर्यंत.

1987 ची मालिका निराळी, एडवर्ड पेदरब्रिज पीटर आणि हॅरिएट वॉल्टर हॅरिएट व्हेन. इथे आरोपीच्या पिंजऱ्यात एक लेखिका, लग्नाशिवाय एका माणसाबरोबर राहिलेली. आर्सेनिकच्या विषाने तो मेला, तेव्हा हिनेच दिलं असणार! ज्यूरीचं एकमत होत नाही, एवढ्यावर तिचा जीव वाचतो. पीटर तिच्या प्रेमात पडतो आणि त्याच्या हौसेची चेष्टा तिथे संपते. पेदरब्रिजच्या चेहऱ्यावर ते दिसतं, कारमायकेलच्या दिसत नाही. बाकी कारमायकेल मला जास्त आवडतो, हे वेगळं.

हळहळ एकाच गोष्टीची. त्यांच्या लग्नानंतरची कादंबरी या मालिकेत नाही, हक्क मिळाले नाहीत. तिच्या शेवटी पीटर स्वतः पकडलेल्या खुन्यासाठी स्वतःच्या खर्चाने बडा वकील देतो. फाशी टळत नाही. सकाळी आठला घड्याळ वाजतं आणि हा लॉर्ड बायकोच्या कुशीत डोकं खुपसून रडतो. लढाईतही याने हुकूम दिले होते आणि माणसं मेली होती, तेही त्या रडण्यात आहे. एवढा एक प्रसंग पडद्यावर हवा होता.

परवा वहिनींना बेलोना जबरदस्तीने शेवटपर्यंत दाखवला. मध्ये दोनदा कॉफी करून आणली. पिस्तुलाच्या प्रसंगाला त्या टक्क जाग्या होत्या, मी खूश. म्हटलं, काय वाटलं?

"ते जाऊ द्या," वहिनी म्हणाल्या, "तो बंटर. लढाईत यांचा सार्जंट होता म्हणालात ना? चार भाग झाले, बिचारा सारखा उभाच आहे. बसायला सांगा की कुणीतरी त्याला."