प्लेन म्हणजे त्रिकोण नाही, आणि चार ऑक्टंटचा नियम तर साफ चूक

सोलापुरात सीईटीची तयारी करणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअपवर सध्या एक ट्रिक फिरतीये, माझ्या भाचीनं तर ती वहीत उतरवून पण घेतली होती. ट्रिक अशी: एक्स + वाय + झेड = १ हे प्लेन (सपाट पातळी) म्हणजे पहिल्या ऑक्टंटमधला त्रिकोण (एक्स, वाय, झेड प्लस की मायनस यावरून जागेचे आठ भाग पडतात ते ऑक्टंट, तिन्ही प्लस तो पहिला); रेषा जास्तीत जास्त तीन क्वाड्रंटमधून (कागदावर दोन अक्षांनी पडणाऱ्या चार भागांपैकी तीन) जाते तसं प्लेन जास्तीत जास्त चार ऑक्टंटमधून; ओरिजिनमधून, म्हणजे (०, ०, ०) मधून, गेलं तर सगळ्यात जास्त ऑक्टंट कापतं; आणि समीकरणात झेड नसेल तर ती नुसती रेषा. यातलं फक्त रेषा आणि तीन क्वाड्रंटचं खरं आहे, बाकी सगळं चूक.

त्रिकोणाचं आधी. पुस्तकात तिन्ही इंटरसेप्ट, म्हणजे प्लेन अक्षांना कापतं ते पॉइंट, जोडून त्रिकोण काढतात कारण तेवढ्यानं तिरकेपणा दिसतो, पण प्लेन तिथं संपत नाही ना. (५, –२, –२) घ्या, बेरीज १. (१, १, –१) घ्या, बेरीज १. दोन्ही पॉइंट प्लेनवर आहेत आणि पहिल्या ऑक्टंटमध्ये एकही नाही.

आता चारचा आकडा, खरा घोळ इथं आहे. डोळ्यासमोर घर आणा, खाली चार खोल्या, वर चार, आठही खोल्यांचा एकेक कोपरा मधोमध एकाच बिंदूत येतो. तो ओरिजिन, दोन भिंती आणि स्लॅब हे कोऑर्डिनेट प्लेन, खोल्या म्हणजे ऑक्टंट. आता आपली सोलापुरी चादर, म्हणजे एक्स + वाय + झेड = १ हे प्लेन, तिरकी ताणून या सगळ्यातून आरपार गेलीये असं समजा, फक्त त्या मधल्या बिंदूला शिवत नाही. भिंती आणि स्लॅब मिळून चादरीवर तीन रेघा उमटतात. पहिल्या दोन रेघांनी चार तुकडे होतात, तिसरी रेघ त्या दोघींना वेगवेगळ्या जागी कापते म्हणजे तीन तुकड्यांतून जाते आणि ते तिन्ही दुभागते, झाले सात! प्रत्येक तुकडा वेगळ्या खोलीत. आणि मधोमध जो त्रिकोण उरतो ना, तोच तो पहिल्या ऑक्टंटमधला, सातातला एक. सुटते फक्त तिन्ही मायनसवाली खोली, कारण तीन मायनस आकड्यांची बेरीज १ होणारच नाही. भाचीला म्हटलं, सात रस्ता चौक आठवतो ना, तसे सात. चार येतात ते झेड = ३ असल्या प्लेनला, त्याच्यावर दोनच रेघा पडतात. कुणीतरी तेवढं एक उदाहरण बघून नियम करून टाकला.

ओरिजिनमधून गेलं की उलट कमी होतात. तिन्ही रेघा एकाच बिंदूत भेटतात, मधला त्रिकोण गायब, एक्स + वाय + झेड = ० ला सहाच ऑक्टंट.

आणि झेड नाही म्हणून रेषा? एक्स + वाय = १ मध्ये झेडवर काही बंधनच नाही, (२, –१, १००) चालतो, (२, –१, –१००) पण चालतो. ती उभी भिंत आहे, खालीवर मिळून सहा ऑक्टंटमधून जाते.

परीक्षेला नेमके असलेच पर्याय गोंधळात पाडतात, म्हणून एवढं लिहिलं. ती ट्रिक तुमच्या ग्रुपवर दिसली तर खाली नुसतं (५, –२, –२) टाका आणि हा कुठल्या ऑक्टंटमध्ये आहे ते विचारा.