रॉबिन्सनच्या मंगळावर पळून जायची सोय नाही

किम स्टॅन्ले रॉबिन्सनचं नाव निघालं की एक मत हमखास ऐकू येतं. हा आशावादी विज्ञानकथाकार, म्हणजे गोडगोड लिहिणारा. पृथ्वी नासली तर मंगळ आहेच, तोवर शास्त्रज्ञ काहीतरी यंत्र काढून सगळं निस्तरतील. वर पुस्तकं म्हणजे जाडजूड व्याख्यानं. त्याची पुस्तकं मी पुन्हापुन्हा वाचतो, त्यामुळे हे ऐकून गप्प बसवत नाही.

आधी मंगळ. 'रेड मार्स' (१९९२), 'ग्रीन मार्स' (१९९३) आणि 'ब्लू मार्स' (१९९६) हे तिन्ही खंड एका भांडणावर उभे आहेत. सॅक्स रसेल या शास्त्रज्ञाला मंगळावर हवा, पाणी, हिरवळ आणायची आहे. ॲन क्लेबोर्न भूगर्भशास्त्रज्ञ. तिला तिथला दगड न् दगड आहे तसा हवा, निर्जीव असला तरी. लेखक दोघांपैकी कोणालाही वेड्यात काढत नाही. आणि पृथ्वीवरची गर्दी मंगळावर मावणार नाही, हे पात्रं स्वतःच बोलून दाखवतात. विज्ञानाच्या बाजूने खोट काढायची तर काढता येते: २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट हे विषारी क्षार सापडले, त्यामुळे तिथली शेती कादंबरीतल्याइतकी सोपी राहिली नाही.

तरीही कोणाला पळवाट दिसत असेल, तर त्याने 'ऑरोरा' (२०१५) वाचावी. सुमारे बारा प्रकाशवर्षांवरच्या टाऊ सेटी या ताऱ्याकडे पिढ्यान् पिढ्या चाललेलं जहाज. आत बंदिस्त जंगलं, शेतं, तळी. आणि घात कशाने होतो? परग्रहवासीयांच्या हल्ल्याने नव्हे, तर पिकांना लागणारा जहाजातला फॉस्फरस कुठेकुठे अडकून बसतो, जिवाणू माणसांपेक्षा झटपट बदलतात, अशा बारीकसारीक हिशेबांनी. पोचल्यावर तिथलं जग माणसाला मानवत नाही. काही जण परत फिरतात. माझ्या लेखी हेच त्याचं सर्वांत चांगलं पुस्तक, कारण अवकाशप्रवासाच्या प्रेमात असलेल्या वाचकालाच त्याने यात नाही म्हटलं आहे.

गोडगोड? 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर' (२०२०) उत्तर प्रदेशातल्या उष्णतेच्या लाटेने सुरू होतं. हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही. मग सावलीत बसलेला धडधाकट माणूससुद्धा तगत नाही. लोक तळ्यात उतरतात, तर पाणी अंगाहून गरम. दोन कोटी माणसं मरतात. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात भर उन्हात बसलेल्या गर्दीतली माणसं उष्माघाताने गेली, त्यानंतर हे प्रकरण मला पुन्हा वाचवलं नाही.

'यंत्र सगळं निस्तरतं' हेही त्याच पुस्तकात टिकत नाही. भारत विमानांनी वातावरणात सूक्ष्म कण सोडून ऊन अडवतो खरा, पण त्याने वेळ तेवढा मिळतो. खरी झटापट शीर्षकातल्या, झुरिकमधल्या मंत्रालयाची, मध्यवर्ती बँकांच्या साहेबांना कार्बन न जाळण्यासाठी पैसे द्यायला राजी करण्यात. बैठका, नकार, पुन्हा बैठका. शिवाय खून आणि घातपातही आहेत, आणि ते लेखक झाकत नाही. शेवटी हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होऊ लागतो. आशा म्हणायची ती एवढीच.

व्याख्यानांचा आरोप मात्र कबूल. पानंच्या पानं हिमनद्या, चलन, माती. मला ती आवडतात, कोणाला नसतील.

माझी तक्रार निराळी आहे. दोन कोटी भारतीय मरतात ते आपण पाहतो एका अमेरिकन मदतनिसाच्या डोळ्यांनी. तो मदतनीस, फ्रँक, जिवंत राहतो आणि पुस्तकभर त्याची जखम आपल्या सोबत राहते. त्याच गावातली एखादी बाई वाचली असती आणि बोलली असती, तर ती झुरिकच्या बैठकीत काय म्हणाली असती, ते वाचायला मी आणखी शंभर पानं आनंदाने सोसली असती.