रवांडावरचा तो फॉरवर्ड आणि आठवीचा तास

गंगापूर रोडच्या एका शाळेनं आठवीला आफ्रिकेतल्या रवांडा देशातल्या १९९४ च्या नरसंहारावर तास ठेवला आणि लगेच पालकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरायला लागला. माझी भाची त्याच वर्गात आहे. मजकूर असा: 'दोन टोळ्यांचं शेकडो वर्षांचं वैर, राष्ट्राध्यक्षांचं विमान पडलं आणि एका रात्रीत भडका उडाला. अडाणी लोकांचं काम ते. मुलांच्या मनात विष कशाला कालवता?'

एका रात्रीत? यातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. भडकाच असेल तर दोषी कुणीच नाही!

विमान पाडलं गेलं ६ एप्रिल १९९४ ला. त्याच्या साठेक वर्षं आधी बेल्जियन राजवटीनं प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी की त्वा (रवांडातले तीन समाज) ते लिहायला लावलं. स्वातंत्र्यानंतरही ती नोंद तशीच राहिली आणि १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर हुतू अतिरेक्यांनी तेच कार्ड बघून तुत्सी माणसं बाजूला काढून मारली. डिसेंबर १९९० मध्ये 'कांगुरा' या हुतू अतिरेक्यांच्या नियतकालिकानं छापलं की तुत्सी बाईशी लग्न करणारा, तुत्सींशी धंदा करणारा हुतू गद्दार. जुलै १९९३ पासून त्यांचाच आरटीएलएम रेडिओ: चालू गाणी, गप्पा, मध्येच तुत्सींना 'झुरळं' म्हणायचं, कत्तल सुरू झाल्यावर तर लोकांची नावं आणि ठिकाणं सांगायची. ११ जानेवारी १९९४ ला संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख रोमेओ डॅलेर यांनी न्यूयॉर्कला फॅक्स केला, की शस्त्रं लपवलीत आणि राजधानी किगालीतल्या तुत्सींच्या नोंदी करवून घेतल्या जाताहेत. छाप्याची परवानगी मिळाली नाही. पुढच्या शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसं मेली.

आणि अडाणी कोण? रवांडासाठी टांझानियातल्या आरुशात बसलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचा ३ डिसेंबर २००३ चा निकाल काढून वाचा. 'कांगुरा' आणि आरटीएलएमच्या खटल्यात दोषी ठरले ते तिघे: इतिहासाचा प्राध्यापक, वकील आणि संपादक. २००७ च्या अपिलात काही आरोप गळले, शिक्षा कमी झाल्या, पण सुटला एकही नाही.

वैराचं थोडं खरं आहे, नाकारत नाही. भेद जुना होता, १९५९ पासून कत्तलीही झाल्या होत्या. पण दोघांची भाषा एक, गावं एक, आपसांत लग्नं. ७ एप्रिलला मारल्या गेलेल्या पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना स्वतः हुतू होत्या. मारेकऱ्यांच्या आड येणाऱ्या हुतूंचीही गय झाली नाही.

राहिलं विष. प्रेतांचे फोटो दाखवले किंवा मुलांना मारेकऱ्यांची भूमिका करायला लावली, तर ते घातकच; त्यानं मुलं भेदरतात किंवा हसतात, शिकत काहीच नाहीत. दोन तास घ्या. पहिल्यात ओळखपत्र, अंक, रेडिओ, फॅक्स या क्रमानं जा आणि प्रत्येक टप्प्यावर विचारा: इथे कोण थांबवू शकलं असतं? दुसऱ्यात रवांडातल्याच न्यांगे गावची शाळा घ्या. १८ मार्च १९९७ ला बंदूकधाऱ्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना हुतू एकीकडे, तुत्सी एकीकडे व्हायला सांगितलं. मुलं वेगळी झाली नाहीत. त्यातली काही जिवानिशी गेली. सहिष्णुतेवर भाषण देण्यापेक्षा हा प्रसंग वर्गात सांगा. फक्त सगळं एकाच तासात कोंबू नका, नाहीतर मुलं ८ लाखांचा आकडा घेऊन घरी येतील आणि न्यांगेपर्यंत कुणी पोहोचणारच नाही.