एक लिटर क्रीमचं काय झालं

सोसायटीला २५ वर्षं झाली म्हणून मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी गच्चीवर कार्यक्रम ठरला. मीटिंगमध्ये केकचं कोटेशन वाचून झालं, खजिनदारांनी चष्मा काढून पुसला आणि त्या शांततेत कुणीतरी म्हणालं, "एवढे पैसे कशाला? मी करतो घरी." आवाज ओळखीचा वाटला म्हणून वळून पाहिलं, तर बायको माझ्याकडेच बघत होती.

चाळीस माणसं. पण मी निर्धास्त होतो. ओरिओ, चॉकलेट आणि क्रीमचा हा थंड केक. त्याला ना ओव्हन लागत, ना अंडं. दुधात बुडवलेली बिस्किटं, त्यावर फेटलेलं क्रीम, पुन्हा बिस्किटं, आणि मग आठ तास फ्रिज. क्रीममधला ओलावा पिऊन बिस्किटंच केकसारखी मऊ पडतात. म्हणजे काम फ्रिजचं, कौतुक माझं. फक्त हे बिस्किट १९१२ साली न्यू यॉर्कमध्ये जन्मलेलं आणि आपल्याकडे आलं २०११मध्ये. डोंबिवलीतला मे महिना त्याच्या जन्मदात्यांनी हिशेबात धरला असेल, असं वाटत नाही.

चाळीस जणांना पुरेल असा साचा घरात एकच, कणीक मळायची परात. आणि ती परात मावेल एवढी जागा फ्रिजमध्ये आमच्या लग्नानंतर कधीच नव्हती. आत इडलीचं पीठ, पन्हं, मोड आलेली मटकी, आमरसाचा डबा, पेपरात गुंडाळलेली कोथिंबीर आणि आईचं सायीचं पातेलं. सायीच्या पातेल्याला हात लावायचा नाही, हे आमच्या घरच्या घटनेतलं पहिलं कलम. बाकीच्यांना हलवलं. मधली जाळी काढली, मटकी शेजारी गेली, पीठ वरच्या मजल्यावर गेलं. (ते इडल्या होऊनच परत आलं, त्याही चारच.)

आता क्रीम. एक लिटर, ३५ टक्के फॅटचं. गार असलं की त्यातले फॅटचे कण घट्ट राहतात आणि हवेचे बुडबुडे धरून ठेवतात, म्हणून ते फुगतं. हे मला नंतर कळलं. आधी मी पॅकेट ओट्यावर ठेवून रविवारची पुरवणी वाचली. मग पिठीसाखर आणि व्हॅनिला घालून पंधरा मिनिटं बीटर फिरवला. बीटर तापला, मी तापलो, क्रीम मात्र दुधासारखं शांत.

आवाज ऐकून आई आली. भांड्यात बोट बुडवून म्हणाली, "कोमट झालंय रे. बर्फाचे खडे टाक चार."

साठ वर्षांचा अनुभव बोलत होता. मी टाकले. थोड्या वेळाने भांड्यातला आवाज बदलला. जाडसर, थबथब असा. आईने नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटले.

"आलं!"

"काय आलं?"

"लोणी."

खाली ताक, वर पिवळसर गोळा. "उन्हाळ्यात बर्फाशिवाय लोणी येत नाही बाबा," ती मायेने म्हणाली आणि हात धुऊन गोळा वळायला बसलीसुद्धा. सायीचं यापलीकडे दुसरं काही होऊ शकतं, हा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता.

दुसरा लिटर मात्र तिनेच वाचवला. मोठ्या पातेल्यात बर्फ, त्यावर मूठमूठ जाडं मीठ, त्यात क्रीमचं भांडं. पूर्वी लाकडी पॉटमध्ये आइस्क्रीम फिरवायचे तसं. मिठाने बर्फ शून्याच्याही खाली उतरतो. सहा मिनिटांत क्रीम ताठ उभं! भांडं डोक्यावर उलटं धरून दाखवण्याची ऊर्मी आली, पण बायकोने मनगट धरलं. थर रचले, वर चॉकलेट ओतलं, परात आत गेली. तोपर्यंत अकरा वाजले होते. आठ तास म्हणजे सात. कार्यक्रमही सातला.

कार्यक्रमाच्या ठोक्याला परात गच्चीवर आली आणि अध्यक्षांनी बोअरवेलपासून भाषणाला सुरुवात केली. ते लिफ्टपर्यंत पोचले तेव्हा केकने परातीची कड सोडली. पार्किंगच्या वादावर आले तेव्हा सुरी घेऊन जवळ जाण्यात अर्थ उरला नव्हता. शेवटी मी घरून डाव आणला आणि द्रोणांतून वाढला.

"बासुंदी छान झालीय," तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "फार गोड नाही." शेजारच्या काकांना त्यात चारोळी हवी होती. मी दोघांनाही मान डोलावली. खजिनदारांनी तीन द्रोण घेतले.

मंगळवारी वरणभात होता. बायकोने पहिला घास घेतला आणि थांबली. "वरणाला कसला वास येतोय हो?"

मी वास घेतला. व्हॅनिला. आईने ताटातून मान वर न करता तुपाची वाटी हळूच आपल्याकडे ओढली. "कढवतानाच मला शंका आली होती," ती म्हणाली. तेवढ्यात मुलीने भात पुढे केला. "आजी, अजून वाढ ना."