वाहनांच्या जगातला पंक्तिप्रपंच

जुन्या गाड्यांचा मेळावा कुठलाही असो, चित्र ठरलेलं. पितळी दिवे लखलखवलेल्या मोटारीभोवती कोंडाळं, एखादी जुनी रेसिंग कार सुरू झाली की मोबाईल वर. आणि हे सगळं वैभव ज्याच्या पाठीवरून आलं तो ट्रक? तो लांब कोपऱ्यात. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी आधी तिकडेच जातो. म्हणा वेडा.

खरं तर या घराण्याचा मूळपुरुषच हमाल! १७७० च्या आसपास फ्रान्समध्ये निकोला-जोसेफ कुन्योने वाफेवर चालणारी तीनचाकी बनवली, ती तोफा वाहायला. हवा खायला फिरण्यासाठी नव्हे. बेंझची पेटंट मोटार आली १८८६ मध्ये, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांनी.

उंची मोटारी बनवणाऱ्या एत्तोरे बुगाटीने प्रतिस्पर्धी बेंटलीच्या गाड्यांना 'जगातले सगळ्यात वेगवान ट्रक' म्हणून हिणवलं होतं, असं सांगतात. त्या 'ट्रकांनी' १९२४ ते १९३० या काळात ल मान्सची २४ तासांची शर्यत पाच वेळा मारली. आणि बुगाटीचं काय झालं? राजेमहाराजांसाठी काढलेली १२.७ लिटर इंजिनाची 'रॉयाल' ही गाडी जेमतेम सहा नग बनली. उरलेली इंजिनं रेल्वेच्या डब्यांना बसवली. म्हणजे शेवटी ओझंच ओढलं ना!

पण माझा खरा राग आहे तो 'ब्लाउएस वुंडर'साठी, म्हणजे 'निळ्या चमत्कारा'साठी. १९५५ मध्ये मर्सिडीजने आपल्या रेसिंग कार वाहून न्यायला एक ट्रक बनवला. त्यात ३०० एसएल या स्पोर्ट्स कारचं इंजिन. केबिन पुढच्या चाकांच्याही पुढे झुकलेली, मागे उघड्या पाठीवर एक शर्यतीची गाडी. हा गडी ओझ्यासकट ताशी १७० किलोमीटरच्या आसपास पळायचा. कारखान्यातून ट्रॅकपर्यंत गाडी वेळेत पोचलीच पाहिजे, म्हणून हा खटाटोप. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने शर्यतीतून अंग काढून घेतलं. शर्यतपटू फॅन्जिओला दोन जगज्जेतेपदं देणाऱ्या डब्ल्यू १९६ या रेसिंग गाड्या संग्रहालयात मानाने बसल्या आणि त्यांना वाहणारा ट्रक १९६७ मध्ये भंगारात! पुढे उपरती झाली आणि जुने फोटो वगैरे बघून त्याची प्रतिकृती बनवली, ती २००१ मध्ये पुरी झाली. सुंदर आहे. पण प्रतिकृती ती प्रतिकृतीच.

अमेरिकी लष्कराच्या 'ओव्हरलँड ट्रेन'ची कथा तर याहून वाईट. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लटूर्नो यांच्या कंपनीने बनवलेली ही रुळांशिवायची आगगाडी: सुमारे १७४ मीटर लांब, ५४ चाकं, प्रत्येक चाकात विजेची स्वतंत्र मोटर आणि वीज पुरवायला गॅस टर्बाइन. (चाकात मोटर बसवायची कल्पना आजची वाटत असेल, तर १९०० ची लोनर-पोर्शे ही विजेवरची मोटार बघा.) जिथे रस्ता नाही तिथे दीडशे टन माल न्यायचा, हे तिचं काम. मग मोठाली हेलिकॉप्टरं आली आणि तिची गरज संपली. आज अमेरिकेतल्या युमाच्या लष्करी संग्रहालयात उरलीय फक्त पुढची केबिन. बाकीची भंगारात गेली.

जागा कुठून आणायची, हा मुद्दा मान्य. फेरारी २५० जीटीओ घरच्या गॅरेजमध्ये मावते, १७४ मीटरचं धूड मावत नाही. शिवाय मालवाहू गाडीला मरेस्तोवर राबवतात, जपायला मागे काही उरतच नाही. पण मर्सिडीजच्या ट्रकला काय मोठी जागा लागणार होती? पावणेसात मीटर! तिथे कमी पडली ती नजर.

म्हणून मला भंगारात न गेलेले नासाचे क्रॉलर लाडके, म्हणजे रॉकेट उड्डाणतळापर्यंत वाहून नेणारी वाहनं. १९६५ चे दोन राक्षस, प्रत्येकी सुमारे २७०० टन, रणगाड्यासारखे आठ पट्टे, ओझं घेऊन वेग ताशी दीड किलोमीटर. उड्डाणतळाचा चढ चढताना वरचं व्यासपीठ सपाट ठेवतात, उभं रॉकेट कलू देत नाहीत. अपोलोची रॉकेटं यांनीच वाहिली आणि २०२२ मध्ये आर्टेमिस १ या चांद्रमोहिमेचंही यांच्यातल्याच एकाने वाहिलं. त्यांच्या वाटेवर नदीतले गोटे अंथरलेले असतात. पट्ट्यांखाली त्यांचा चुरा होतो, मग नवे आणून टाकावे लागतात.