ट्रॅक बांधायचाय? आधी जमीन बघा

हाताशी जास्तीचे पैसे असतील आणि ते चारचौघांच्या डोळ्यांत भरावेत अशी इच्छा असेल, तर मोटार शर्यतीचा ट्रॅक बांधा. ग्रेटर नोएडाजवळ याचा तयार वस्तुपाठ उभा आहे: बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. जिल्हा गौतम बुद्ध नगर, म्हणून ट्रॅकलाही तेच नाव. मध्यम मार्ग सांगणाऱ्याच्या नावाने ताशी तीनशेच्या वर गाड्या पळवायच्या, तर तेवढी छाती तुमच्यापाशी हवी.

घाई मात्र करू नका. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, पुण्याचे सुरेश कलमाडी, यांनी २००७ मध्ये फॉर्म्युला वन, म्हणजे मोटार शर्यतींची सगळ्यात मोठी जागतिक मालिका, भारतात येणार असं सांगितलं तेव्हा मुहूर्त २००९ चा होता. तो २०१० वर गेला, तिथून २०११ वर. घोषणा आधी, खडी नंतर. आपल्याकडे हाच क्रम मानवतो.

आराखडा हर्मान टिल्के यांच्याकडूनच घ्या. जगातले निम्मे नवे ट्रॅक त्यांचेच वाटतात, त्यामुळे कुणी नावं ठेवली तर एकट्याला ठेवत नाही. पण एक धोका सांगून ठेवतो. जेपी समूहाने बांधलेला हा ट्रॅक चांगला निघाला. पाच किलोमीटरहून थोडा लांब, सोळा वळणं, चांगले चढउतार, तिसऱ्या आणि चौथ्या वळणामध्ये किलोमीटरभराहून लांब सरळ रस्ता. चालकांना आवडला. असलं काही होऊ देऊ नका. रद्दड ट्रॅक बंद पडला तर लोक विसरतात. चांगला बंद पडला की वर्षानुवर्षं हळहळत बसतात.

आता मुख्य काम, म्हणजे कागदपत्रं. डांबर त्यामानाने किरकोळ. फॉर्म्युला वन हा खेळ की करमणूक, हे तुम्ही ठरवायचं नसतं. ज्या खिडकीवर उभे असाल तिथल्या साहेबाला विचारायचं. २००९ मध्ये आयोजकांनी शर्यतीच्या परवान्याचं शुल्क परदेशी पाठवण्याची परवानगी मागितली. क्रीडा मंत्रालय म्हणालं, हा खेळ नव्हे, करमणूक आहे. ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्षांनी आणलेला पाहुणा क्रीडा मंत्रालयाने दारातच अडवला. खेळ नाही म्हटल्यावर सीमाशुल्कातही सूट नाही. बरं, करमणूक तर करमणूक. मग करमणूक कर? तो राज्य सरकारने माफ केला. त्यावर कुणी याचिका केली आणि शर्यतीच्या तोंडावर सर्वोच्च न्यायालयाने तिकिटांच्या उत्पन्नातले २५ टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितले. म्हणून सल्ला असा की इंजिनाचा मेकॅनिक परदेशातून मागवता येईल, पण वकील घरचा आणि शर्यतीच्या आठवड्यात रिकामा हवा.

एवढं जमलं की शर्यत आपोआप होते. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्याच सराव सत्रात एक भटका कुत्रा ट्रॅकवर आला आणि सत्र थांबवावं लागलं. तुम्हीही एखादा सोडा. त्या दिवशी ना परवाना, ना व्हिसा, ना कर भरता ट्रॅकवर उतरलेला तो एकटाच. शेवटचा झेंडा फडकवायला सचिन तेंडुलकर आणि चषक द्यायला तेव्हाच्या मुख्यमंत्री मायावती असल्या की फोटोंची चिंता मिटते. निकालाची उत्कंठा वगैरे ताण प्रेक्षकांना देऊ नका. इथल्या तिन्ही शर्यती जर्मन चालक सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या. त्यातल्या पहिल्या दोन तर पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत पुढे राहून. २०१३ ला त्याने इथेच चौथं जगज्जेतेपद मिळवलं, स्टँडसमोर गाडी गरागरा फिरवली आणि खाली उतरून गाडीलाच वाकून नमस्कार केला. त्याच्या संघाला २५,००० युरो दंड झाला. आनंदाचंही नियमावलीत कलम असतं, हे आपल्याला नवीन नाही.

त्यानंतर शर्यत आलीच नाही. २०१४ ची गळली, २०१५ ला परत येईल असं फॉर्म्युला वनचे तेव्हाचे सर्वेसर्वा बर्नी एकल्स्टन म्हणाले, आणि पुढे काय झालं ते तुम्हाला दिसतंच आहे. पण म्हणून तुमचं काम संपत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की या ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या कंपनीची स्थायी आस्थापना, म्हणजे धंद्याचं कायमचं ठिकाण, होती, सबब इथल्या उत्पन्नावर इथे कर लागू. वर्षाकाठी तीन दिवसांची शर्यत, तीही तिसऱ्या वर्षी बंद पडलेली, आणि बंद पडल्यावर चार वर्षांनी ती स्थायी असल्याचं सिद्ध झालं. आयकर खात्याएवढी श्रद्धा या शर्यतीवर कुठल्या चाहत्याचीही नव्हती.

रिकामा ट्रॅक शोभत नाही, तेव्हा ट्रक पळवा. चेष्टा नाही, २०१४ मध्ये इथे टाटांच्या ट्रकची शर्यत झाली, व्हेटेल सगळ्यांच्या पुढे उभा राहून सुटायचा त्याच रेषेवरून. मग २०२३ मध्ये मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकलींची जागतिक शर्यत, आली. करार सात वर्षांचा. काही स्पर्धकांचे व्हिसा अडकले, उकाड्यामुळे फेऱ्या २४ वरून २१ केल्या, मार्को बेझेकी जिंकला. सातातली ती पहिली शर्यत, आणि आजवरची शेवटचीही.

मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या मंडळींनी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला १९९० पासून ट्रॅक चालवलाय. तिथे मुलं अजून शर्यतीत उतरतात. त्यांचा आदर्श ठेवलात तर नुसत्या गाड्याच धावतील; नाव होणार नाही.

राहता राहिली जमीन. बुद्ध सर्किट एकटं नव्हतं. यमुना एक्स्प्रेसवे प्राधिकरणाने दिलेल्या सुमारे हजार हेक्टरांत अख्खी क्रीडानगरी व्हायची होती, घरंबिरं धरून. थकबाकीवरून प्राधिकरणाने २०२० मध्ये ते वाटप रद्द केलं, आणि वर सांगितलेली मोटोजीपी झाली ती त्याच्यानंतर. यातून जे घ्यायचं ते घ्या: अर्जाच्या पहिल्या पानावर निवासी भूखंड, दुसऱ्यावर क्रिकेटचं स्टेडियम. ट्रॅकचा उल्लेख परिशिष्टात करा, आणि तिथे 'खेळ' की 'करमणूक' हा रकाना कोरा सोडा.