26 सामने म्हणे!

सकाळी सकाळी शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोत्तम बास्केटबॉलपटूंची यादी टाकली. माझ्यासाठीच असणार, कारण त्या ग्रुपमध्ये ऑस्ट्रेलियात राहणारी मी एकटीच. यादीत अँड्र्यू गेझ चांगला वर होता. त्यावर आमच्या कॅलिफोर्नियावासी विद्वान वर्गमित्राचा शेरा: "हा कोण? एनबीएत फक्त 26 सामने?" आणि पुढे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे दोन चेहरे. लगेच आणखी चौघांनी हसून घेतलं. त्या चौघांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण अमेरिकेतून हशा आला की बाकीच्यांनी टाळी द्यायची, अशी आपली जुनी रीत.

तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं. ते एवढं लांबलं की म्हटलं, मरू दे, भिंतीवरच टाकते. इथली माणसं तरी माझी आहेत.

तर हो, एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, 26. वॉशिंग्टन बुलेट्सकडून 7 आणि 1999 मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सकडून 19. त्या वर्षी स्पर्स जिंकले, म्हणून गेझला विजेत्यांची अंगठीही मिळाली. प्लेऑफमध्ये, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांत, त्याला मैदानावर उतरायलाही मिळालं नव्हतं. त्यावर सगळ्यात जास्त विनोद कोणी केले असतील तर त्यानेच.

आता दुसरा आकडा वाचा. 612. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय लीगमध्ये मेलबर्न टायगर्ससाठी इतके सामने. एकच संघ, 1984 ते 2005. 18,908 गुण. सात वेळा लीगचा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू. 1987 च्या मोसमात त्याची सरासरी सामन्यामागे 44 च्या वर होती. कोणीतरी शहाणा सांगेलच की तेव्हा इथे सामने आत्तापेक्षा लांब, 48 मिनिटांचे असायचे. असायचे. एनबीएतही तेवढ्याच मिनिटांचे असतात, बाळा.

आणि हे सगळं मला का झोंबतं, ते सांगायचं तर आमच्या शेजाऱ्याबद्दल सांगायला हवं.

7 ऑगस्ट 2021. मेलबर्नला सहावा लॉकडाउन नुकताच लागलेला. कोणी कोणाच्या दारात जायचं नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्राँझसाठी ऑस्ट्रेलिया विरुद्ध स्लोव्हेनिया, म्हणजे समोर एनबीए गाजवणारा लुका डाँचिच. आपला पॅटी मिल्स त्या रात्री अंगात आल्यासारखा खेळला. एकट्याने 42 गुण. 107-93. ऑस्ट्रेलियाच्या पुरुष संघाचं पहिलं ऑलिंपिक पदक. आम्ही घरात नाचतोय, तोवर मागच्या कुंपणावर धाडधाड थापा. टॉर्च घेऊन गेले, तर पलीकडे दुधाच्या क्रेटवर चढून आमचा सत्तरीतला शेजारी उभा. ऑगस्टमधली थंडी, लोकरीच्या जम्परवरून टायगर्सची जुनी बंडी चढवलेली. तिच्यावरच्या 10 मधला, गेझच्या नंबरातला, 1 कधीच उडालेला, नुसतं शून्य उरलेलं. मला वाटलं, मिल्सबद्दल काही बोलेल. तर म्हातारा ओरडतोय काय, "गेझी रडतोय! टीव्हीवर! बघितलंस का?"

गेझ समालोचन करायला होता. आणि खरंच रडत होता. लाज नाही, आडपडदा नाही, लहान पोरासारखा.

का रडत होता, हे समजायला 1988 पासून मोजावं लागतं. सोल, चौथा क्रमांक. 1996, अटलांटा, ब्राँझच्या सामन्यात लिथुआनियाकडून 80-74 हार, पुन्हा चौथा. 2000, सिडनी, घरचं ऑलिंपिक, उद्घाटनाला देशाचा झेंडा गेझच्या हातात, आणि शेवटी पुन्हा लिथुआनिया, पुन्हा चौथा. पाच ऑलिंपिक खेळला हा माणूस. पुरुषांच्या ऑलिंपिक बास्केटबॉलमध्ये ब्राझीलच्या ऑस्कर श्मिटनंतर सगळ्यात जास्त गुण याचे. पदक एकही नाही. तीनदा दारापर्यंत जाऊन परत.

म्हणून मी नंतर शेजाऱ्याला विचारलं होतं, अहो, 42 गुण मिल्सचे, आणि तुम्ही गेझचं काय घेऊन बसलात? तो म्हणाला, "पॅटी जिंकला गं. पण सुटला गेझी."

हे त्या कॅलिफोर्नियावाल्याला कसं सांगू?

बापाचं सांगितल्याशिवाय मात्र गेझची गोष्ट पुरी होत नाही. लिंडसे गेझ स्वतः खेळाडू म्हणून तीन ऑलिंपिक खेळलेले आणि प्रशिक्षक म्हणून चार केलेले. अल्बर्ट पार्कच्या बास्केटबॉल स्टेडियमचा कारभार त्यांच्याकडे होता आणि कुटुंबही तिथेच राहायचं. म्हणजे इतर पोरांना मैदानावर जायला आईची परवानगी लागते, आणि याला घरी परत यायला लागत असणार. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये बाप राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक आणि पोरगा 19 वर्षांचा, त्याच संघात. त्याच वर्षी टायगर्स राष्ट्रीय लीगमध्ये आले, तिथेही तेच. आणि 2005 मध्ये दोघे एकदमच थांबले. एकवीस वर्षं बापाच्या हाताखाली! मला बाबांच्या हाताखाली दिवाळीचा कंदील एकवीस मिनिटं करता आलेला नाही.

हो, हो, कळतंय. बाप प्रशिक्षक, म्हणून बॉल पोराकडेच. टायगर्सची चाल अशी होती की पाचही जण सतत जागा बदलत राहायचे, खो-खोतल्या पळतीसारखे, आणि या सगळ्या पळापळीतून कुठेतरी गेझ मोकळा व्हायचा. बॉल हातात आला की गेलाच. डिफेन्सबद्दल फार बोलण्यासारखं नव्हतं, मान्य. पण घराणेशाहीने सामना मिळतो हो, 612 सामने मिळत नाहीत. आणि बापाने हातात दिलेला बॉल रिंगमधून टाकायला बाप येत नाही.

1993 ला पर्थला हरवून पहिलं विजेतेपद, 1997 ला दुसरं. त्या 97 च्या अंतिम सामन्यांत समोर होता याच शहरातला दुसरा संघ, साउथ ईस्ट मेलबर्न मॅजिक, आणि त्याचा प्रशिक्षक होता ब्रायन गोर्जियन. टोकियोत मिल्सच्या संघाचा प्रशिक्षक कोण? तोच गोर्जियन. आपल्या जुन्या वैऱ्याने अखेर पदक आणलं म्हणून गेझ आनंदाने रडत होता. असली माणसं असतात, आणि आपण त्यांचे एनबीएतले सामने मोजतो.

अमेरिका त्याला झेपली नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. 1989, सेटन हॉल कॉलेज. तो एक मोसम तिथे खेळला आणि संघ थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात. मिशिगनविरुद्ध जादा वेळेत 80-79. एका गुणाने गेला सामना, तोही शेवटच्या 3 सेकंदांतल्या दोन फ्री थ्रोंवर. मोसम संपला आणि हा घरी परत. तिकडे बोंब झाली की हा शिकायला नाही, फक्त खेळायला आला होता. खरंच आहे ते, शिकायला नव्हताच गेला. पण माझ्या ग्रुपवाल्यांना खरं तर हे परत येणंच सहन होत नाही. अमेरिकेत दार किलकिलं झालेलं असताना माणूस माघारी येतो कसा? आपल्याकडे असं कोणी केलं की चार घरांत कुजबुज होते, "जमलं नसेल."

माझे बाबा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाढलेले. पद्माकर शिवलकर हे नाव ते आवाज खाली आणून घ्यायचे. प्रथम श्रेणीत 589 बळी, आणि कसोटी शून्य, कारण वर बेदी होता. बाबांच्या अख्ख्या पिढीत एकानेही कधी "कसोटी किती?" असं विचारून शिवलकरांना हसलेलं मी ऐकलं नाही. मग आता काय झालंय आपल्याला? कोणत्या बाजारात किती भाव आला, एवढंच राहिलं का? मी चिडलेय, कळतंय मला. पण हे फक्त बास्केटबॉलचं नाहीच. गावातच राहून तीस वर्षं शाळा चालवणाऱ्या बाईंना आपण "पुढे काही केलं नाही का?" विचारतो, ते हेच.

आणि ज्या गोष्टीचा खरा राग यावा, त्याचं कोणालाच काही नाही. 2014 मध्ये नव्या मालकांनी टायगर्स हे नावच पुसलं. मेलबर्न युनायटेड. का, तर सगळ्या शहराला आपला वाटेल असा संघ हवा. गेझला ते लागलं, आणि तो तसं उघड बोललाही. आमचा शेजारी तेव्हापासून सामन्याला गेलेला नाही. कुंपणावरची ती बंडी म्हणूनच तेवढी जुनी, नवी मिळणार कुठून? (युनायटेडने पुढे विजेतेपदं जिंकली, गर्दीही भरपूर असते. माझा मुलगा त्यांचाच चाहता आहे. घरातच फितुरी.) त्या पोराला मी एकदा शेजाऱ्यासमोर युनायटेडची टोपी काढायला लावली होती. शेजारी म्हणाला, "राहू दे, त्याचा काय दोष?" आणि मग गॅरेजवरच्या रिंगखाली त्याला अर्धा तास कोपर कुठे ठेवायचं ते शिकवत बसला. बंडी घालूनच.

लीगच्या एमव्हीपीला जो करंडक देतात, तो आता गेझच्या नावाने आहे. उत्तम प्रशिक्षकाचा लिंडसेंच्या नावाने. लीगला कळतं. मेलबर्नमधल्या कुठल्याही उपनगरात शनिवारी सकाळी हॉलमध्ये जा, चार-चार कोर्टांवर पोरं खेळत असतात, आणि बाकावर एखादा तरी आजोबा असतो जो पोराचा नेम चुकला की गेझीचं नाव काढतो. लिथुआनियाला हरवता आलं नाही म्हणून त्या आजोबांचं काही अडलेलं नाही.

आता कमेंटमध्ये कोणीतरी ल्यूक लाँगली आणणार. एनबीएत खेळलेला पहिला ऑस्ट्रेलियन, शिकागो बुल्सबरोबर लागोपाठ तीन अंगठ्या, जॉर्डनचा जोडीदार. मला आवडतो लाँगली, मोठा माणूस आहे, दोन्ही अर्थांनी. त्याच्यावर वेगळी पोस्ट लिहीन, तेव्हा भांडा. या पोस्टखाली त्याचं नाव दिसलं तर कमेंट उडवेन, आधीच सांगून ठेवते.